चांदीच्या कड्यावरचं अक्षर

पाइपवाली: बसा हो डॉक्टर. तुम्ही खोलीभर फेऱ्या मारल्यात म्हणून चांदीवरचा काळेपणा लवकर निघणार नाही.

डॉक्टर: बसलो की पाय हलतात माझे. त्यापेक्षा फेऱ्या बऱ्या. अजून किती वेळ? मला दवाखाना उघडायचाय, आणि त्या संग्रहालयाच्या बाईंचा सकाळपासून सारखा फोन.

पाइपवाली: त्यांना काय हवंय?

डॉक्टर: तुमचा शेरा. ‘पाइप त्या काळातला आहे,’ बस, एवढाच. शनिवारी दालन उघडतंय, त्या बुडालेल्या जहाजाचं. माझे आजोबा होते त्या जहाजावर, बॉयलरवर. जहाजाबरोबर गेले. प्रेत किनाऱ्याला लागलं, आणि कुणा खलाशानं खिशातला हा तंबाखूचा पाइप काढून आजीला आणून दिला. काचेच्या पेटीखालची पाटीसुद्धा छापून झालीय. पडदा माझी आत्या ओढणार.

पाइपवाली: म्हणजे पाटी आधी आणि तपासणी मागून.

डॉक्टर: अहो, नुसता उपचार आहे तो. पाइप खराच आहे. आमच्या घरात आहे किती वर्षं.

पाइपवाली: खोटा पाइप अजून कुणी बनवलेला मी पाहिला नाही. गोष्टी खोट्या असतात. माझ्याकडे येणारा दर दुसरा पाइप कुठल्या ना कुठल्या बुडालेल्या जहाजावरचा असतो, उरलेले सगळे सेनापतींचे. एखाद्या साध्या माणसानं दुकानात जाऊन विकत घेतला आणि ओढला, असा पाइप मला कधी मिळणार देव जाणे.

डॉक्टर: आमचा तसा नाही हो.

पाइपवाली: असं सगळेच म्हणतात. तो दिवा जरा इकडे वळवा. हां. ही वाटी बघा, तंबाखू भरायची. बाहेरून रेषा दिसतात ना, ज्वाळेसारख्या वर जाणाऱ्या? हा ब्रायर. एका झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, ती उकळतात, वर्ष-दोन वर्षं सुकवतात आणि मग कोरतात. सहसा जळत नाही. याच्या आधी मातीचे असायचे. हातातून पडला की संपला, नवा घ्या. मग पांढऱ्या मऊ दगडाचे आले, वर कोरीव काम केलेले. ओढता ओढता मधाच्या रंगाचे व्हायचे. ते शौकिनांचे. ब्रायर आला तेव्हा कुठे रोज कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात टिकेल असा पाइप झाला.

डॉक्टर: मग जुळतंय की. बॉयलरवरचा माणूस, ब्रायरचा पाइप.

पाइपवाली: जुळतंय. आता आत बोट घाला. अहो घाला, काळं होईल, धुऊन टाका. काय लागतंय?

डॉक्टर: खरखरीत. थर आहे कसला तरी.

पाइपवाली: जळलेल्या तंबाखूचा. हौशी लोक तो खरवडून चकाचक करून आणतात आणि मला रडू येतं, कारण पाइप किती वर्षं ओढला ते त्या थरावर कळतं. हा पाइप काही वर्षं चांगला रोज ओढलेला आहे. आणि थर कसा घट्ट आहे. समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या पाइपाचा थर सुटतो. लाकूड फुगतं, सुकताना तडकतं. याला खारं पाणी लागलेलंच नाही.

डॉक्टर: मेणकापडाच्या पिशवीत असेल. खलाशी ठेवायचे तसा.

पाइपवाली: असेल. म्हणून त्यावर मी अडून बसले नाही. तुम्ही मात्र आता खिडकीत का उभे राहिलात?

डॉक्टर: गाडी बघतोय. कुणीतरी मागे लावली तर अडकेन. तुम्ही बोला, ऐकतोय मी.

पाइपवाली: मग ऐका. वाटी आणि नळी जिथे जुळतात तिथे हे चांदीचं कडं आहे. चांदी खरी असली की तपासणाऱ्या कचेरीचे शिक्के असतात तिच्यावर. एक शुद्धतेचा, एक गावाचा आणि एक वर्षाचा. वर्ष आकड्यात लिहीत नाहीत, अक्षरात. दरवर्षी अक्षर पुढे सरकतं, सगळी संपली की वळण बदलतं, भोवतीची चौकट बदलते. ते आता दिसायला लागलंय. तुमच्या त्या पाटीवर जहाज बुडाल्याचं वर्ष आहे ना?

डॉक्टर: फोटो आहे पाटीचा. हा घ्या.

पाइपवाली: हं.

डॉक्टर: काय हं?

पाइपवाली: हे अक्षर जहाज बुडालं त्याच्या दोन वर्षं नंतरचं आहे, डॉक्टर.

डॉक्टर: पुन्हा बघा.

पाइपवाली: तुम्ही खिडकीत होतात तेव्हा पुन्हाच बघत होते.

डॉक्टर: मग कडं मागून बसवलं असेल! आम्ही नाही का जुन्या दाताला नवी टोपी बसवत? दात आजोबांचा, टोपी नंतरची. सोपं आहे.

पाइपवाली: मीही आधी तेच धरून चालले. वाटीच्या दांड्याला चीर गेली की कडं बसवतात, नेहमीचं आहे. पण कडं सरकवून पाहिलं, खाली चीर नाही. आणि कारखान्याचं नाव छापलंय ते कड्यापुरती जागा सोडून. जन्मापासूनचं कडं आहे हे. तरी म्हटलं, एका खुणेवर जाऊ नये. ही नळी ओढून काढते... आली. हिच्या तोंडाशी धातूची बारीक नळी दिसते? धूर थंड करायची कुणाची तरी युक्ती, सरकारदरबारी नोंदवलेली. हा तिचा क्रमांक. तो ज्या वर्षी दिला गेला, तेव्हाही तुमचं जहाज तळाशीच होतं.

डॉक्टर: थांबा. थांबा जरा.

पाइपवाली: मी कुठे पळतेय?

डॉक्टर: म्हणजे तो खलाशी... त्याला बाईच्या हातात काहीतरी द्यायचं होतं. विधवा बाई, पदरात दोन मुलं. दिला कुणाचा तरी पाइप आणि म्हणाला, तुमच्या नवऱ्याचा. भला माणूस. हो ना? होतं असं.

पाइपवाली: होतं. त्यापेक्षा वाईट कारणांनीही लोक खोटं बोलतात.

डॉक्टर: मग पाटीवर लिहू, ‘परंपरेने असे सांगतात की’. सगळ्या संग्रहालयांत लिहितात तसं. सुटला प्रश्न. हुश्श.

पाइपवाली: जाण्याआधी एक बघता? हे तुमच्या खात्यातलं आहे. नळी कडक रबराची आहे. उन्हानं हिरवट पडते आणि चावली की खुणा धरून ठेवते. इथे वरच्या बाजूला खोल खड्डे आहेत, पण मध्येच एक जागा अगदी गुळगुळीत. मला त्याचा अर्थ लागत नाही. भिंग घ्या.

डॉक्टर: माझं आहे खिशात. हं... डाव्या बाजूनं धरायचा. हा दाढेच्या पुढचा दात, हा समोरचा. चांगला करकचून चावायचा हो माणूस. आणि मधला...

पाइपवाली: काय?

डॉक्टर: खुर्ची द्या.

पाइपवाली: डॉक्टर, आता बसलात. आणि बसलात तर असे पांढरे पडलात. पाणी देऊ?

डॉक्टर: मधे सुळा नाही. ज्यानं ही नळी चावलीय त्याला वरचा डावा सुळाच नव्हता. आणि शेजारचा दात त्या फटीत कलंडलाय. थोडा फिरलाय, अस्सा.

पाइपवाली: बरं मग?

डॉक्टर: आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे. हसताना. त्या काळात लोक फोटोत हसत नसत, हे हसलेत. लहानपणापासून मी तो फोटो बघतोय. दातांचा डॉक्टर झाल्यावर तर दुसरं काही बघतच नाही त्यात. कप्पी लागून सुळा पडला होता त्यांचा, ऐन तरुणपणी. शेजारचा दात असाच कलंडलाय. असाच फिरलाय.

पाइपवाली: योगायोग असेल. दात काय, कुणाचेही पडतात.

डॉक्टर: पडतात. पण फिरतात ते ज्याचे त्याचे. आणि अशा खुणा उमटायला किती काळ लागतो, बाई?

पाइपवाली: रोज ओढला तर... काही वर्षं. आतला थरही तेच सांगतोय.

डॉक्टर: म्हणजे बुडाल्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी पाइप विकत घेतला, आणि नंतर काही वर्षं ओढला.

पाइपवाली: ते मी म्हणणार नाही. दुकानात जाऊन कुणीतरी साध्या माणसानं विकत घेतला, रोज ओढला, एवढंच पाइप सांगतो. कुणी, ते तुमच्या घरच्यांनी सांगायचं. काय लिहून देऊ?

डॉक्टर: काही नको. एक अक्षर नको. द्या तो इकडे.

पाइपवाली: नळी तशी पिरगाळू नका, तुटेल. हळूच फिरवत घाला. आणि दवाखाना?

डॉक्टर: राहू दे बंद. आधी आत्याकडे जातो.

(संध्याकाळी, आत्याच्या घरी.)

आत्या: अरे गुंड्या, किती वेळा बेल वाजवशील? म्हातारी दारापर्यंत उडत येणार का? आणि तोंड का असं झालंय?

डॉक्टर: आत्या, हा पाइप.

आत्या: मला काय दाखवतोस, मीच दिला तुला. संग्रहालयात पोचवलास नाही का?

डॉक्टर: एका जाणकार बाईंना दाखवला. त्या म्हणतात...

आत्या: आधी बस.

डॉक्टर: नाही बसत. त्या म्हणतात हा बनलाच मुळी जहाज बुडाल्यावर. आणि नळीवरचे दात मी स्वतः पाहिलेत. ते आजोबांचे आहेत. फोटोतल्या आजोबांचे. आता मला सांग, मी वेडा झालोय, म्हणजे मी घरी जातो.

आत्या: दार लाव.

डॉक्टर: आत्या!

आत्या: लाव म्हटलं ना. शेजारीण कान लावून असते. हं. वेडा नाही झालास. उशीरच केलास. पंधरा दिवस पाइप तुझ्याकडे, मला वाटलं आज येशील, उद्या येशील.

डॉक्टर: म्हणजे तुला...

आत्या: तुझा फोन वाजतोय.

डॉक्टर: वाजू दे. त्या संग्रहालयाच्या बाई आहेत. तुला माहीत होतं?

आत्या: तो खलाशी बिलाशी कुणी नव्हता रे. तोच आला होता. माझा बाप.

डॉक्टर: कधी?

आत्या: मी सातवीत होते. तोवर आईनं रंगवाल्याशी लग्न करून बराच काळ लोटला होता. तुझ्या त्या आजोबांशी, ज्यांच्या मांडीवर तू वाढलास. रविवार होता. आई खाली दारात पायरी घासत होती, मी जिन्यावर. एक दाढीवाला माणूस येऊन उभा राहिला. मी नाही ओळखला. आईनं मान वर केली, ब्रश बादलीत टाकला आणि म्हणाली, ‘कधी बरे झालात?’

डॉक्टर: बरे झालात?

आत्या: तो काहीतरी सांगत होता, दुसऱ्या बोटीनं उचललं, लांबच्या बंदरात उतरवलं, तापानं पडून होतो. तर तिनं तेच धरलं. कधी बरे झालात. तो म्हणाला, ‘पहिल्याच वर्षी.’ त्यानं हा पाइप काढला आणि तोंडात धरला, पेटवला नाही. तेव्हा मला ती फट दिसली आणि मी जिन्यावरून उठले.

डॉक्टर: पहिल्याच वर्षी. आणि आला इतक्या वर्षांनी. का?

आत्या: आईनं विचारलं नाही.

डॉक्टर: का नाही विचारलं? मी गचांडी धरून विचारलं असतं!

आत्या: तुझा आवाज खाली आण. उत्तर तिला नकोच होतं. चांगलं कारण निघालं असतं तर पंचाईत, वाईट निघालं असतं तरी पंचाईत. मी मात्र जन्मभर कारणं रचत बसले. कधी वाटतं दुसरा संसार असेल, कधी वाटतं पाण्याचीच भीती बसली असेल. आणि कधी वाटतं, कुणाचं काही देणं लागत नाही, कुणी वाट बघत नाही, हेच त्याला आवडलं असेल. बुडालेल्या माणसाला कोण हाक मारतं?

डॉक्टर: आणि आजोबा? रंगवाले आजोबा घरात नव्हते?

आत्या: होते तर. बोलणं ऐकून बाहेर आले, हाताला निळा रंग तसाच. कोण आहे ते त्यांना कुणी सांगितलं नाही, सांगावं लागलं नाही. म्हणाले, ‘आत या, चहा टाकतो.’ आणि खरंच आत जाऊन चहा टाकला त्यांनी. माझ्या आयुष्यात मी असा माणूस दुसरा पाहिला नाही.

डॉक्टर: मग आत आला तो?

आत्या: आईनं येऊ दिलं नाही. म्हणाली, ‘तुमच्या नावानं मी रडून मोकळी झालेय. आता माझ्यावर कृपा करा आणि पुन्हा जिवंत होऊ नका.’ असं म्हणाली आणि राहिलेली पायरी घासायला लागली. तो गेला. आत चहाचा एक कप रात्रीपर्यंत तसाच होता. तो टाकायला कुणी धजेना.

डॉक्टर: आणि पाइप?

आत्या: पाइप मी आणला. आई म्हणाली, जागची हलू नकोस, आणि मी मागच्या दारानं पळाले. बसथांब्यावर गाठला त्याला. म्हटलं, काहीतरी द्या. खिसे चाचपले त्यानं. काही नव्हतं रे मेल्याकडे. मग तोंडातला हा काढून दिला. अजून गरम होता. वाटेत पेटवला असणार. संध्याकाळी आईनं माझ्या उशीखाली पाहिला. मारलं नाही. तुझा बाप तेव्हा एवढासा, तो विचारायला लागला हे काय, हे काय. तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि खलाशाची गोष्ट सांगितली. तिला काय ठाऊक, तो त्या गोष्टीवर अख्खा जन्म काढील.

डॉक्टर: मला पहाटे उठवून पोहायला न्यायचे बाबा. थंडीत सुद्धा. मी रडायचो. म्हणायचे, आपल्या घरातलं माणूस पुन्हा बुडता कामा नये.

आत्या: माहितीय. दरवर्षी त्या तारखेला बंदरावर जाऊन उभा राहायचा. मला म्हणायचा चल, मी म्हणायची गुडघे दुखतात. तिशीतसुद्धा माझे गुडघे दुखायचे. काय सांगणार होते मी त्याला? तुझा शूर बाप बस पकडून गेला म्हणून?

डॉक्टर: आणि मग मला का दिलास पाइप? मी मागितला तेव्हा सरळ नाही म्हणायचंस.

आत्या: तुझा बाप गेला. आता कुणासाठी लपवू? तोंडानं सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, पोरगा दातांचा डॉक्टर आहे. नेऊ दे, बघू दे.

डॉक्टर: परत वाजला. काय सांगू या बाईंना? आत्या, एक करू. पाइप हरवला म्हणून सांगतो. बाकीचं आहे तसं राहू दे. बुडालेल्यांच्या यादीत नाव आहे, असू दे. कुणाचं काय बिघडतंय? बाबांनी ज्या नावापुढे मान खाली घातली ते नाव मी कसं पुसायचं?

आत्या: येरझारा थांबव आणि ऐक. संग्रहालयाच्या भिंतीवर जी बाकीची नावं आहेत, ती माणसं खरंच खाली गेली. त्यांच्या मुली येतील शनिवारी, माझ्याच वयाच्या, काठ्या टेकत. त्यांचे बाप दारात आले नाहीत कधी. मी कुठल्या तोंडानं त्यांच्यात उभी राहू? लाव तो फोन.

डॉक्टर: मी काय बोलू?

आत्या: तू नाही. दे इकडे. हॅलो? हां, बोला. तो डॉक्टर माझा भाचा. मी त्या बॉयलरवाल्याची मुलगी. पडदा ओढणारी, हो तीच. एक सांगायचंय. माझे वडील बुडाले नाहीत... नाही हो, बाई, शुद्धीवर आहे मी, औषध वेळेवर घेतलंय. वाचले ते. नंतर घरी येऊन गेले, मी पाहिलं... पाइप त्यांचाच, पण त्या वेळचा नाही. तो राहू दे आमच्याकडे... हो, नाव काढा. दुसऱ्यांच्या ओळीत नको... नाही, मग कधी वारले ते आम्हाला ठाऊक नाही. खरंच नाही... बरं... हो?... विचार करते. हं. ठेवते.

डॉक्टर: काय म्हणाल्या? ओरडल्या?

आत्या: रडली थोडी. लहान असेल वयानं. म्हणाली, नाव काढू, पण पडदा ओढायला याच. वाचलेल्याची मुलगीही चालेल म्हणाली.

डॉक्टर: जाशील?

आत्या: जाईन. मागे उभी राहीन. तू ने मला गाडीनं.

डॉक्टर: नेतो. आत्या... बसथांब्यावर तुम्ही किती वेळ होतात?

आत्या: बस येईपर्यंत.

डॉक्टर: मग बोलले असाल काहीतरी. काय म्हणाला तो?

आत्या: म्हणाला, कितवीत आहेस. मी म्हटलं सातवीत.

डॉक्टर: आणि?

आत्या: म्हणाला, उंच झालीस.